जुना मोबाइल फोन ठरू शकतो घरातील संगीतसंच

जयपूर : नवा मोबाइल फोन घेतल्यानंतर जुना संच बहुधा कपाटात पडून राहतो. मात्र, थोडी काळजी घेतल्यास तो गाणी व रेडिओ ऐकण्यासाठी अनेक वर्षे उपयोगी पडू शकतो. येथील जयंती मार्केटसारख्या बाजारपेठांत मोबाइल दुरुस्तीची दुकाने आहेत.

प्रथम छायाचित्रे व संपर्क क्रमांक नव्या फोनवर घेऊन जुना संच ‘फॅक्टरी रीसेट’ करावा. सर्वसाधारण दर्जाचे पाच मिनिटांचे एमपीथ्री गाणे सुमारे ५ एमबी जागा घेते. त्यामुळे ३२ जीबीच्या मेमरी कार्डात सुमारे ६ हजार गाणी मावतात. ‘फ्लाइट मोड’ सुरू ठेवल्यास बॅटरी अधिक काळ पुरते.

एफएमची सोय असलेल्या संचात इअरफोनची वायरच अँटेनाचे काम करते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. आपत्तीच्या काळात मोबाइल नेटवर्क कोलमडले तरी रेडिओवरून सूचना मिळू शकतात. म्हणूनच केंद्र सरकारने २०२३ मध्ये मोबाइल उत्पादकांना एफएमची सोय सुरू ठेवण्याची सूचना केली होती.

सुरक्षाविषयक अपडेट बंद झालेल्या फोनवर बँकेचे वा यूपीआयचे व्यवहार मात्र टाळावेत. लिथियम बॅटरीला उष्णता घातक ठरते. राजस्थानच्या कडक उन्हाळ्यात संच उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवू नये. बॅटरी फुगल्यास वापर तत्काळ थांबवून ती ई-कचरा संकलन केंद्राकडे सोपवावी. घरच्या कचऱ्यात टाकू नये.