तीन तासांचं लग्न, ४.७ जीबीची डिस्क

सातशे एमबीच्या सहा चित्रपट-फाइल ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर नुसत्या कॉपी केल्या तर आरामात बसतात. पण टीव्हीजवळच्या साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालाव्यात म्हणून त्या रूपांतरित करायला घेतल्या, की एखाददुसरीच मावते. अशा फाइल सहसा एमपीईजी-४ पद्धतीच्या असतात; साधा प्लेअर मात्र एमपीईजी-२ पद्धतीचं चित्र वाचतो आणि ही पद्धत एमपीईजी-४ पेक्षा जास्त जागा खाते. मूळ फाइल किती एमबीची होती, याला रूपांतरानंतर काही अर्थ उरत नाही. उरतात दोनच गोष्टी: कार्यक्रमाची लांबी आणि दर सेकंदाला खर्च होणारे बिट, म्हणजे बिटरेट.

लग्नाची तीन तासांची जुनी व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर घ्यायची आहे असं समजू. ४.७ जीबी म्हणजे ४७० कोटी बाइट, अर्थात ३,७६० कोटी बिट. (संगणक १०२४ च्या पटीत मोजतो म्हणून तिथे ४.३८ दिसतात, जागा कुठे जात नाही.) याला १०,८०० सेकंदांनी भागलं की सेकंदाला सुमारे ३५ लाख बिट येतात. आवाज आणि इतर नोंदी वगळता चित्राला ३२ लाख उरतात. ७२० बाय ५७६ बिंदूंचं, सेकंदाला २५ चौकटींचं चित्र न दाबता साठवलं, तर सेकंदाला १२ कोटींहून अधिक बिट लागतील आणि डिस्क पाच मिनिटांत भरेल!

ही दरी दोन युक्त्यांनी भरून निघते. प्रत्येक चौकटीचे आठ बाय आठ बिंदूंचे तुकडे करून डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळले जातात. यामागचं गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद आणि त्यांचे सहकारी टी. नटराजन व के. आर. राव यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. दुसरी युक्ती म्हणजे बहुतेक चौकटी पूर्ण न साठवता शेजारच्या चौकटींपेक्षा काय बदललं, तेवढंच नोंदवायचं.

खुर्च्यांवर स्वस्थ बसलेली वऱ्हाडी मंडळी त्यामुळे स्वस्तात पडतात. पण ‘शुभमंगल सावधान’ झालं आणि अक्षता उडाल्या, की प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेला जातो. मागच्या चौकटीवरून काहीच ताडता येत नाही. बिट कमी पडले की नेमक्या याच क्षणी नवरा-नवरीच्या चेहऱ्यांवर चौकोन उमटतात.

म्हणून ‘टू-पास’ पर्याय निवडावा. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर फक्त पाहून घेतं की गडबड कुठे आहे. दुसऱ्या फेरीत पंगतीतले वाचवलेले बिट अक्षतांवर खर्च करतं. एकूण आकार तेवढाच राहतो. वेळ मात्र जवळपास दुप्पट लागतो. कॅसेटवरच्या चित्रातली खरखरही सॉफ्टवेअरला हालचालच वाटते, त्यामुळे ती आधी फिल्टरने कमी केलेली बरी.

कार्यक्रम पाच तासांचा असेल तर चित्राला जेमतेम १९ लाख बिट मिळतात. तेव्हा रुंदी ७२० वरून ३५२ वर आणावी. डीव्हीडीच्या नियमात ते बसतं आणि व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेने मुळात तेवढाही तपशील नसतो. त्याच्याही पुढे ताणण्यापेक्षा दुसरी डिस्क घ्यावी.