संचय कोणाच्या भरवशावर?

आपल्या समाजातील जे तरुण घराण्यातली पहिली पक्की नोकरी करीत आहेत, त्यांच्यापुढे एक नवा प्रश्न उभा आहे. महिनाअखेर चार पैसे शिल्लक राहतात. ते ठेवायचे कोठे? बाप सांगतो, बँकेत किंवा पोस्टात टाक. आई म्हणते, तोळाभर सोने कर. मित्र मोबाईल पुढे करून म्हणतो, बिटकॉईन घे. मी तीस वर्षे बँकेच्या काउंटरवर काढली. निवृत्तीनंतरही हा प्रश्न मला वस्तीत विचारला जातो, म्हणून त्याची येथे मांडणी करतो.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. पैसा वाढवणे वेगळे आणि पैसा टिकवणे वेगळे. ज्याच्या घरात तीन पिढ्यांची जमीन आणि वाडा आहे, त्याचे दोन लाख बुडाले तर तो चार दिवस हळहळतो. आपल्याकडे दोन लाख बुडाले तर मुलीचे कॉलेज सुटते. शूद्राने समर्थ असला तरी धनसंचय करू नये, असा दंडक मनुस्मृतीने घातला होता. ज्यांच्या पूर्वजांना साठवण्याचाच अधिकार नव्हता, त्यांनी पहिला संचय कोणाच्या भरवशावर ठेवावा, हा केवळ हिशेबाचा प्रश्न नाही.

बिटकॉईन म्हणजे काय? २००८ च्या ऑक्टोबरमध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने एक टिपण प्रसिद्ध झाले आणि ३ जानेवारी २००९ रोजी हे चलन सुरू झाले. ते म्हणजे मुळात एक खातेवही आहे. तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात, त्यामुळे कोणा एकाला मागची नोंद खोडता येत नाही. एकूण नाणी २ कोटी १० लाखांवर जाणार नाहीत, असा तिचा नियम आहे. नवी नाणी पडण्याचा वेग साधारण दर चार वर्षांनी निम्मा होतो. अलीकडे तो एप्रिल २०२४ मध्ये झाला. येथे मॅनेजर नाही, सरकार नाही आणि आडनाव विचारणारा कोणी नाही.

हे आकर्षण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा रोजंदारी बुडवून रांगेत कोण उभे होते, हे आपण पाहिले आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला केवळ हजार रुपये काढण्याची मुभा होती. ज्याने हे भोगले, त्याला सरकार आणि बँक यांच्याबाहेरचे धन हवेसे वाटणारच.

या ठिकाणी बाबासाहेबांची आठवण होणे अपरिहार्य आहे. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झाला आणि १९२५ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. राज्यकर्त्यांना मनास येईल तितके रुपये पाडता येऊ नयेत, टाकसाळ सरकारलाही बंद असावी, असे त्यांचे म्हणणे होते. हे ऐकून कोणी म्हणेल, मग मर्यादित संख्येचे बिटकॉईन त्यांच्याच विचाराचे झाले! परंतु हा निष्कर्ष घाईचा आहे. चलनाची मर्यादा हे बाबासाहेबांचे साधन होते. साध्य होते रुपयाच्या खरेदीशक्तीचे स्थैर्य. भाव चढले की मजुरी मागे पडते आणि झळ कष्टकऱ्याला बसते, हे त्यांनी स्पष्ट मांडले होते.

ही कसोटी बिटकॉईनला लावून पाहू. डिसेंबर २०१७ मध्ये एका नाण्याचा भाव वीस हजार डॉलरच्या जवळ गेला. वर्षभरात तो चार हजारांच्या खाली आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार, तर पुढच्या नोव्हेंबरमध्ये सुमारे १६ हजार. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एक लाखाची मर्यादा ओलांडली. म्हणजे ज्याला थांबता आले, त्याचे भले झाले. पण आजारपण आणि परीक्षेची फी थांबत नाही. नाण्यांची संख्या नियमाने बांधता येते; ती विकत घेणाऱ्यांची इच्छा बांधता येत नाही.

दुसरी कसोटी अशी की, धन गेले तर दाद कोणाकडे मागायची? बिटकॉईनची मालकी एका गुप्त किल्लीत, म्हणजे एका लांबलचक आकड्यात असते. ती हरवली की धन गेले. धनी मेला आणि किल्ली घरात कोणाला ठाऊक नसली, तर वारसदाखला आणूनही विधवेच्या हाती काही लागत नाही. किल्ली खरेदी-विक्रीच्या पेढीकडे, म्हणजे एक्स्चेंजकडे ठेवावी, तर पुन्हा परक्यावर विश्वास आलाच. एफटीएक्स ही परदेशी पेढी नोव्हेंबर २०२२ मध्ये बुडाली. आपल्याकडच्या वझीरएक्समधून जुलै २०२४ मध्ये सुमारे २३ कोटी डॉलरचे धन चोरीस गेले. या ठेवींना सरकारी विमा नाही. शिवाय एप्रिल २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर लागू झाला आणि तोटा मात्र दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही. दरमहा दहा टक्क्यांचे आमिष दाखवणाऱ्या ‘गेनबिटकॉईन’ची प्रकरणे २०१८ मध्ये पुणे पोलिसांपुढे आली, ती तर जुन्याच दामदुपटीची नवी आवृत्ती होती.

मग जुने मार्ग निर्दोष आहेत काय? मुळीच नाहीत. महागाई सहा टक्क्यांनी वाढली, तर पेटीतल्या नोटेची किंमत बारा वर्षांत निम्मी होते. सोन्याचा भाव जानेवारी १९८० मध्ये जगाच्या बाजारात ८५० डॉलरला गेला; तो पुन्हा तेथे पोहोचायला २००८ साल उजाडले. जमिनीविषयी तर आपल्याला कोणी सांगायला नको. १९५८ च्या कायद्याने महार वतने गेली. वतनदारांना परत मिळालेल्या जमिनी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येत नाहीत, हे ठाऊक नसल्याने किती कुटुंबे व्यवहारात फसली! सातबाऱ्यावर नाव नसेल, तर ताब्यातली जमीनही टिकत नाही.

तथापि या मार्गांत एक गोष्ट आहे. येथे जबाबदार कोणीतरी असतो आणि त्याला कायद्याने धरता येते. ठेव विमा १९६२ साली दीड हजार रुपयांचा होता. फेब्रुवारी २०२० पासून तो दर बँकेत दर ठेवीदारामागे पाच लाखांचा झाला. हे आपोआप घडले नाही. ठेवीदारांनी ओरड केली म्हणून घडले. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीतला, म्हणजे पीपीएफमधला पैसा खातेदाराच्या कर्जापोटी न्यायालयाच्या हुकुमानेही जप्त होत नाही. सावकारीने पोळलेल्या समाजाला या एका कलमाचे मोल मोठे आहे.

म्हणून विचारणाऱ्याला मी क्रम सांगतो. आधी सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत. एका बँकेत पाच लाखांहून अधिक नको. मग पंधरा वर्षांचे पीपीएफ खाते. घर किंवा जमीन घेतल्यास कागदावर बायकोचेही नाव. हे सारे झाल्यावर, ज्या रकमेच्या बुडण्याने घरातले कोणाचे शिक्षण वा औषध थांबणार नाही, तेवढीच क्रिप्टोत घालायची असेल तर घालावी. आणि कोठे काय ठेवले आहे, नॉमिनी कोण आहे, हे एका कागदावर लिहून घरच्यांना वाचून दाखवावे. बँकेत नवऱ्याच्या मृत्यूनंतर आलेल्या कितीतरी बायकांना मी विचारले आहे, खाते कोणत्या शाखेत आहे? त्यांतल्या बहुतेकींना ते कोणी सांगितलेच नव्हते.