उन्हाळा आणि दावणीची जनावरे

होळी सरली की हिंगोली जिल्ह्यातील शिवार रिकामे होऊ लागते. रब्बीची ज्वारी आणि हरभरा घरी आलेला असतो, वसमतच्या परिसरात हळद शिजविण्याची लगबग चालू असते आणि ओढ्यानाल्यांचे पाणी आटत जाते. पुढे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर चढतो. माणूस अशा वेळी सावली शोधतो, घोटभर पाणी मागून घेतो. खुंट्याला बांधलेल्या जनावराला मात्र यातील काहीही स्वतः होऊन करता येत नाही. त्याच्या जिवाची सारी जबाबदारी धन्यावर असते.

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या ५ तालुक्यांचा हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. येथील कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने बैलजोडी, दुभती म्हैस व चार शेळ्या ही अडीअडचणीची पुंजीच होय. मृगाच्या तोंडावर बैल दगावला तर पेरणीच खोळंबते. म्हणून उन्हाळ्यातील निगा हा खरिपाच्या तयारीचाच एक भाग समजला पाहिजे.

शरीर का तापते?

निरोगी गाईचे शारीरिक तापमान साधारणतः १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. शरीरातील जादा उष्णता घामावाटे व श्वासावाटे बाहेर टाकून ते कायम राखले जाते. मराठवाड्याची लाल कंधारी गाय या हवामानात पिढ्यानपिढ्या वाढलेली असल्याने ऊन बऱ्यापैकी सोसते. थंड प्रदेशातील होल्स्टीनचे रक्त असलेल्या संकरित गाईला ते तितकेसे मानवत नाही. म्हशीची अडचण याहून मोठी आहे. तिची काळी कातडी उष्णता शोषून घेते, अंगावर केस विरळ असतात आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा पुष्कळच कमी असतात. पाण्यात डुंबणे ही तिची चैन नव्हे, गरज आहे. उष्णतेचा ताण वाढला की दूध घटते, माज मुका राहतो आणि पुढील वेत लांबते.

गोठा, पाणी आणि वैरण

पत्र्याचा गोठा दुपारी भट्टीसारखा तापतो. पत्र्यावर चुना मारावा व त्यावर उसाचे पाचट किंवा तुराट्यांचा थर पसरावा. उन्हाच्या बाजूस गोणपाट बांधून ते अधूनमधून भिजवावे. मात्र गोठा चारही बाजूंनी बंद करू नये. वारा खेळला नाही तर आतील हवा दमट होते व जनावराला घामावाटे उष्णता बाहेर टाकता येत नाही.

मोठ्या जनावराला उन्हाळ्यात दिवसाकाठी ६० लिटर वा त्याहून अधिक पाणी लागू शकते. सकाळ-संध्याकाळ दोनदा पाणी दाखविल्याने ही गरज भागत नाही. स्वच्छ व गार पाणी सावलीत सतत पुढे असावे. वैरणीबरोबर थोडे मीठ द्यावे. कडबा व भुसकट पचताना पोटात उष्णता निर्माण होते, म्हणून कोरडी वैरण पहाटे व रात्री घालावी. हिरवा चारा थोडका असल्यास तो दुपारसाठी राखून ठेवावा.

काढणीनंतर शेतात राहिलेल्या ज्वारीच्या धसकटांना अवकाळी पावसाने कोवळे फुटवे येतात. हिरव्या चाऱ्याला आसुसलेली जनावरे त्यावर तुटून पडतात. या फुटव्यांपासून पोटात सायनाइडसारखे जहाल विष तयार होते व थोड्याच वेळात जनावर दगावू शकते. अशा रानात गुरे सोडू नयेत.

बैलाची दुपार

जनावरांना कोणत्या उन्हात राबवावे, हा केवळ दयाबुद्धीचा प्रश्न राहिलेला नाही. ओढकाम करणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या जनावरांविषयी केंद्र शासनाने १९६५ मध्ये केलेल्या नियमांनुसार, तापमान ३७ अंश सेल्सिअसहून अधिक असेल तेथे दुपारी १२ ते ३ या वेळेत त्यांना कामास जुंपता येत नाही. दिवसभरात एकूण ९ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घेण्यासही मनाई आहे. हिंगोलीच्या उन्हाळ्यात ३७ अंशांची मर्यादा कितीतरी दिवस ओलांडली जाते. तेव्हा नांगरट व गाडीची खेप पहाटे उरकून दुपारी बैल झाडाखाली सोडणे हेच इष्ट.

राखणीचा कुत्रा

कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो व त्यावाटे उष्णता घालवितो. म्हणून त्याला उन्हात साखळीने बांधून ठेवू नये, बंद मोटारीत तर क्षणभरही कोंडू नये. तापलेल्या डांबरी रस्त्यावर त्याचे तळवे पोळतात, हेही ध्यानात असावे.

उष्माघात झाल्यास

जनावर धापा टाकू लागणे, तोंडातून लाळ गळणे, रवंथ थांबणे, झोकांड्या जाणे ही उष्माघाताची लक्षणे होत. ताप १०६ अंशांपर्यंत वा त्याहूनही वर जातो. अशा जनावरास तत्काळ सावलीत घ्यावे, डोक्यावर व अंगावर गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा. शुद्ध हरपत असलेल्या जनावराच्या तोंडात बळेच पाणी ओतू नये, ते फुप्फुसात शिरण्याचा धोका असतो. नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी किंवा १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर विनाविलंब संपर्क साधावा.

उन्हाळा सरण्यापूर्वीच घटसर्प व फऱ्या या रोगांच्या प्रतिबंधक लसी टोचून घ्याव्यात, कारण पहिल्या पावसाबरोबर हे रोग डोके वर काढतात. पोळ्याला बैलाच्या गळ्यात माळ घालून त्याचे ऋण मानण्याची आपली रीत आहे. ते ऋण फेडण्याची खरी वेळ मात्र वैशाखातील दुपारी येते.