किशोरांची निद्रा आणि स्मार्टफोन : एक कारणविचार

मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात एक लहानसा प्रसंग आला आहे. दिवसा झोपल्याचे आपणास स्मरते काय, असे सच्चक तथागतांना विचारतो. उन्हाळ्याच्या अखेरच्या महिन्यात भोजनानंतर आपण उजव्या कुशीवर, स्मृतिमान राहून निद्रा घेतली, हे तथागत मान्य करतात. आणि एवढ्यावरून कोणी मोहग्रस्त ठरत नाही, हेही स्पष्ट करतात. थीनमिद्ध, म्हणजे चित्ताची जडता, हे पंच नीवरणांपैकी एक होय. देहास हवी असलेली निद्रा ही त्याहून भिन्न. हा भेद आज अगत्याचा झाला आहे. रात्री उशिरापर्यंत स्मार्टफोन पाहणारी आणि सकाळी न उठणारी मुलेमुली आपण सरसकट आळशी ठरवितो. ती का उठत नाहीत, याची कारणे मात्र क्वचितच शोधली जातात.

पहिले कारण देहातच आहे. मेंदूतील एक सूक्ष्म पेशीपुंज शरीराचे दैनंदिन घड्याळ चालवितो. अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते व रात्र झाल्याची वार्ता शरीरास पोहोचते. वयात येताना हे घड्याळ पुढे सरकते. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्स्कॅडन व त्यांचे सहकारी यांनी हा कल १९९३ साली नोंदविला. तेव्हा मुलांच्या हाती स्मार्टफोन नव्हता. याच वयात झोपेची गरज मात्र मोठी असते. १३ ते १८ वर्षे वयात रोज ८ ते १० तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०१६ साली सांगितले.

दुसरे कारण स्मार्टफोन. डोळ्याच्या पडद्यातील काही पेशी विशेषतः निळसर प्रकाश टिपून मेंदूस अजून दिवस असल्याचे कळवितात. २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ तरुणांनी झोपण्यापूर्वी सुमारे चार तास काही रात्री प्रकाशमान पडद्यावर, तर काही रात्री छापील पुस्तकातून वाचन केले. पडद्यामुळे मेलाटोनिन निम्म्याहून अधिक घटले. परंतु झोप लागण्यास सरासरी सुमारे १० मिनिटेच अधिक लागली. म्हणजे सारा दोष प्रकाशाचा नाही. पडद्याचा रंग पिवळसर करून घेतला की काम भागले, ही समजूतही टिकत नाही. १८ ते २४ वर्षांच्या १६७ जणांवरील २०२१ च्या अमेरिकी अभ्यासात तशा सोयीने झोपेत एकंदर फरक आढळला नाही.

अधिक विचार आशयाचा करावयास हवा. पुस्तकाचे प्रकरण संपते. फोनवरील चित्रफितींची मालिका संपत नाही आणि मित्राचा संदेश केव्हाही येतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ साली २० अभ्यासांतील १,२५,१९८ मुलांची माहिती एकत्र तपासली. झोपताना फोन केवळ हाताशी असणे, त्याचा वापर न करणे, याचाही अपुऱ्या झोपेशी संबंध दिसला. संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. तरी ही सूचना दुर्लक्षिण्याजोगी नाही.

तिसरे कारण सकाळची घंटा. अमेरिकेतील सिएटल शहराने २०१६ साली माध्यमिक शाळांची वेळ ७:५० वरून ८:४५ केली, तेव्हा विद्यार्थ्यांची झोप रोज सरासरी ३४ मिनिटांनी वाढली. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा निर्णय घेतला. ज्यांचे घड्याळ खरोखर उशिराचे, ती आठवी-दहावीची मुले त्या निर्णयात नाहीत.

आमच्या वस्त्यांत याला आणखी एक बाजू आहे. एका खोलीच्या घरात सारे झोपल्यावरच शांतता लाभते, आणि अभ्यासाची टिपणेही त्याच फोनवर असतात. शिवाय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीनिमित्त होणारा अठरा तास अभ्यासाचा उपक्रम मुलांपुढे असतो. ती एका दिवसाची आदरांजली होय. वाढत्या वयाचे नित्याचे वेळापत्रक नव्हे. जे वाचले ते स्मृतीत दृढ होण्याचे कार्य निद्रेतही चालते. म्हणून झोप मोडून केलेला अभ्यास पुष्कळदा वाया जातो.

तेव्हा उपायही कारणांना धरून असावेत. रात्री फोन अंथरुणापासून दूर, घरातील ठरलेल्या जागी ठेवावा, आणि हा नियम वडीलधाऱ्यांनीही पाळावा. गजरासाठी साधे घड्याळ घ्यावे. फोनवरील टिपणे संध्याकाळीच वहीत उतरवावीत. सकाळी थोडा वेळ उजेडात जावे व सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ फार बदलू नये. जेथे विहार आहे, तेथे सायंकाळी दोन-तीन तास अभ्यासासाठी तो उघडा ठेवल्यास शांततेसाठी मध्यरात्रीची वाट पाहावी लागणार नाही. पालकसभेत शाळेच्या वेळेचा प्रश्नही मांडला जावा. मुलांना आळशी म्हणण्यापूर्वी एवढे तरी आपण करावयास हवे.