उन्हाला घरात मुक्कामाला ठेवणाऱ्या भिंती

जानेवारीत लेहचा पारा रात्री उणे २० अंशांपर्यंत उतरतो. मात्र याच लेहमध्ये वर्षाचे ३०० हून अधिक दिवस लख्ख ऊन असतं. साडेतीन हजार मीटर उंचीवरची हवा विरळ आणि ढगही कमी, त्यामुळे हिवाळ्यातलं ऊनसुद्धा चटका देतं. सौरऊर्जा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर छतावरची पॅनेल येतात. लडाखमध्ये घरं उबदार ठेवण्याचं मोठं काम करते ती मात्र मातीची भिंत.

मी पुण्यात घरांचे आराखडे करते. आमच्याकडे ऊन अडवण्यात बुद्धी खर्च होते. लडाखमध्ये ते आत कसं घ्यायचं आणि रात्रभर कसं राखायचं, हे शिकायला मिळालं.

पहिलं सूत्र दिशेचं. २१ डिसेंबरला भर दुपारी लेहमध्ये सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर असतो. दक्षिणेच्या खिडकीतून त्याचे किरण थेट खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचतात. जूनमध्ये तोच सूर्य ७९ अंशांवर, जवळपास डोक्यावर येतो. तेव्हा हातभर पुढे आलेलं छपरही त्याला बाहेर ठेवतं. म्हणून काच दक्षिणेला मोठी आणि उत्तरेला शक्य तितकी कमी.

दुसरं सूत्र साठवणीचं. दक्षिणेची जाड भिंत बाहेरून काळी रंगवायची आणि तिच्यापुढे थोडी मोकळी जागा सोडून काच बसवायची. दिवसभर भिंत तापते. फूटभर जाडीच्या मातीतून ऊब आत झिरपायला साधारण आठ-दहा तास लागतात, म्हणजे थंडी वाढू लागते नेमकी तेव्हा ती खोलीत पोचते. या रचनेला त्रोंब भिंत म्हणतात. फ्रान्समधल्या ओदेयो इथे १९६७ साली फेलिक्स त्रोंब आणि वास्तुरचनाकार जाक मिशेल यांनी अशा भिंतीचं घर बांधलं. अमेरिकेत एडवर्ड मोर्स यांनी तर १८८१ मध्येच या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं.

तिसरं सूत्र राखण्याचं, आणि तेच सर्वांत जास्त दुर्लक्षित. काच दिवसा जितक्या सहज ऊब देते, तितक्याच सहज ती रात्री घालवते. लेहजवळच्या एका गावात मी ज्यांच्या घरी उतरायचे, त्या आमा-ले सूर्य डोंगराआड जाताच जाड पडदे ओढून घ्यायच्या. त्यात कधी खंड नाही. मी विचारलं, "आमा-ले, रात्री बुखारी (शेगडी) नाही पेटवत?" म्हणाल्या, "स्वयंपाकापुरती. पुढचं भिंत बघते." पूर्वी हिवाळाभर पुरेल एवढं शेण आणि लाकूड त्यांना उन्हाळ्यातच गोळा करावं लागायचं. ती वणवण आणि घरातला धूर, दोन्ही आता कमी झालंय.

फे गावाजवळ सिंधूच्या काठी 'सेकमॉल' या संस्थेचा परिसर आहे. सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली ही संस्था सुरू केली. इथल्या इमारती माती ठोकून बांधलेल्या, दक्षिणमुखी. हिवाळ्यात दर्शनी भागावर पारदर्शक प्लास्टिकचं आवरण चढतं, उन्हाळ्यात ते काढून घेतात. बाहेर उणे १५ असताना आत सुमारे १५ अंश असतात. २०२१ मध्ये वांगचुक यांनी हेच तत्त्व वापरून सैनिकांसाठी सौरउष्ण तंबू तयार केला.

अशी उदाहरणं शेजारी असताना लेहमध्ये सिमेंट ब्लॉकच्या पातळ भिंतींच्या इमारती वाढताहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. या भिंती ऊब धरत नाहीत. मग खोलीमागे एक हीटर आणि त्यामागे इंधन लागतं. बांधकाम लवकर उरकतं, पण त्याची किंमत पुढे दर हिवाळ्यात मोजावी लागते.

यात आपलाही वाटा आहे. गोठलेल्या झंस्कार नदीवरच्या चादर ट्रेकला महाराष्ट्रातून अनेक जण जातात. लेहमध्ये खोली ठरवताना दोन प्रश्न जरूर विचारा: खोली दक्षिणेला आहे का? भिंती मातीच्या आहेत का? पाहुणे हे विचारू लागले, तर बांधणारेही तशी घरं बांधतील.