पडद्यावरची चाके मुलांच्या पायांत!

सिनेमा पाहून मुले बिघडतात, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. पण एखादा सिनेमा मुलांना टीव्हीसमोरून उठवून थेट रस्त्यावर पिटाळू शकतो का? अमेरिकेत आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या स्केटिंगप्रेमींमध्ये लहानपणी पाहिलेल्या ‘ब्रिंक!’चे नाव घेणारे बरेच भेटतील.

२९ ऑगस्ट १९९८ रोजी हा चित्रपट डिस्ने चॅनलवर प्रथम झळकला. नायक अँडी ब्रिंकर कॅलिफोर्नियातला शाळकरी मुलगा. एका रांगेत चाके असलेले इनलाइन स्केट्स चढवायचे आणि मित्रांबरोबर मनसोक्त धावायचे, हाच त्याचा आनंद. पण दुखापतीमुळे वडील घरी बसलेले, घरात पैशांची ओढाताण. अखेर मित्रांपासून लपवून तो पैसे देणाऱ्या प्रतिस्पर्धी संघात जातो. त्या संघाचा कप्तान जिंकण्यासाठी उतारावर खडी पसरतो आणि अँडीची मैत्रीण जखमी होते. पैसा की मैत्री? हा पेच त्याला सोडवावाच लागतो.

कथेचे बीज मात्र जुने आहे. मेरी मेप्स डॉज यांच्या १८६५ च्या कादंबरीतला हान्स ब्रिंकर हा हॉलंडमधला गरीब मुलगा. त्याचेही वडील आजारी, आणि शर्यत गोठलेल्या कालव्यावर, चांदीच्या स्केट्ससाठी!

बर्फावरून रस्त्यावर

इनलाइन स्केट्सचा प्रवासही असाच बर्फावरून रस्त्यावर झाला. मिनेसोटातील स्कॉट आणि ब्रेनन ओल्सन हे हॉकीपटू भाऊ. बर्फ नसतानाही सराव चालू राहावा म्हणून १९८० च्या सुमारास त्यांनी जुन्या स्केट्समध्ये सुधारणा केली. त्यातूनच ‘रोलरब्लेड’ आले. १९९५ च्या पहिल्या एक्स गेम्समध्ये या खेळाला स्थान मिळाले. म्हणजे ‘ब्रिंक!’ आला तेव्हा जमीन तयारच होती. चित्रपटाने मुलांना आपल्यासारखाच एक नायक दिला.

पडद्यावर न दिसणारे

पडद्यावरच्या कसरती तरबेज स्केटर करतात, हे मात्र मुलांना सांगायला हवे. नवशिक्याने हेल्मेट, मनगट, कोपर आणि गुडघ्यांची संरक्षक साधने घातल्याशिवाय उभेही राहू नये. पडताना हात आपोआप पुढे जातो आणि मनगट दुखावते. म्हणून गुडघे वाकवून तोल सांभाळणे, टाचेकडचा ब्रेक लावणे आणि नीट पडणे आधी शिकावे. सुरुवात सपाट, रहदारी नसलेल्या जागी करावी. उतार नंतर!

२००० च्या दशकात एक्स गेम्समधून इनलाइन स्केटिंग वगळले गेले, प्रायोजक पांगले. तरीही ज्यांना खेळाचीच ओढ होती, त्यांनी स्केट्स उतरवले नाहीत. अँडीलाही शेवटी हेच उमगले होते.

भारतातही हा खेळ रुजतो आहे. हांगझोऊ आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये भारताने ३००० मीटर रिलेत पुरुष व महिला गटांत कांस्यपदके मिळवली. पुरुष संघात विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे ही मराठी नावे होती. त्याच संघातील आनंदकुमार वेलकुमार २०२५ मध्ये १००० मीटरचा विश्वविजेता झाला.

तेव्हा सिनेमा संपल्यावर मुलाने स्केट्सचा हट्ट धरला, तर लगेच रागावू नका. आधी हेल्मेट आणा!