वैमानिक वर चढतो, तसा जमिनीवर येतो

३० सप्टेंबर २०१९ हा एअर मार्शल राकेशकुमारसिंह भदौरिया यांचा नोकरीतला शेवटचा दिवस ठरणार होता. १५ सप्टेंबरला त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली होती आणि एअर मार्शलने साठीच्या महिन्याअखेरीस घरी जायचं, असा हवाई दलाचा नियम आहे. योगायोग असा, की तत्कालीन हवाई दल प्रमुख बी. एस. धनोआ यांची निवृत्तीही त्याच दिवशी होती. धनोआंच्या जागी भदौरियांची निवड झाली. प्रमुखाला बासष्टीपर्यंत राहता येत असल्याने निरोपाच्या दिवशीच त्यांच्या खात्यात आणखी दोन वर्षं जमा झाली. जन्म महिनाभर आधीचा असता, तर ऑगस्टअखेरीस हार-तुरे घेऊन ते घरी गेले असते. पुढे २०२४ मध्ये प्रमुख झालेले ए. पी. सिंग यांचंही असंच. २७ ऑक्टोबर १९६४ चा जन्म, ३० सप्टेंबर २०२४ ला पदभार. म्हणजे साठी जेमतेम महिन्यावर आलेली.

लढाऊ वैमानिक हवाई दलाच्या शिखरावर कसा पोहोचतो, असं विचारलं की आपल्याला आधी आठवतं ते धाडस. ते लागतंच. पण धाडसाच्या जोडीला कॅलेंडर लागतं, आणि त्याहून जास्त लागते ती एक वेगळीच तयारी: ज्या कामासाठी आयुष्य दिलं, ते काम हळूहळू दुसऱ्यांच्या हाती सोपवायची.

मराठी वाचकाला जवळचं उदाहरण विवेक राम चौधरी यांचं. मूळ गाव नांदेड जिल्ह्यातलं हस्तरा. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून पुढे हवाई दलात. २९ डिसेंबर १९८२ ला लढाऊ शाखेत कमिशन. मिग-२१, मिग-२३, मिग-२९ आणि सुखोई-३० अशा विमानांवर मिळून ३,८०० तासांहून अधिक उड्डाण. सियाचीनच्या ऑपरेशन मेघदूतमध्ये आणि कारगिलच्या वेळी ऑपरेशन सफेद सागरमध्ये सहभाग. ३० सप्टेंबर २०२१ ला ते प्रमुख झाले आणि बरोबर तीन वर्षांनी निवृत्त झाले. कमिशन ते प्रमुखपद हे अंतर सुमारे ३९ वर्षांचं. यातली पहिली पंधरा-वीस वर्षं कॉकपिटची, उरलेली बहुतांश खुर्चीची.

कॉकपिटची वर्षं आधी पाहू. चौधरींच्या पिढीच्या अनेक पोरांना किरणसारख्या सौम्य स्वभावाच्या जेट विमानावरून थेट मिग-२१ वर जावं लागे. मिग-२१ धावपट्टीवर उतरायचं ते ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास वेगाने. एवढ्या वेगात विशी-बाविशीच्या मुलाने चूक करायची आणि ती दुरुस्तही करायची. मधली पायरीच नव्हती. या पायरीची मागणी फायलींमधून दशकानुदशकं फिरत राहिली आणि हॉक हे प्रगत प्रशिक्षण विमान बीदरला आलं ते २००८ मध्ये. या दिरंगाईचा हिशेब कुठल्याही पुरस्कार सोहळ्यात मांडला जात नाही. पण त्या काळातून तरलेल्या प्रत्येक वरिष्ठ अधिकाऱ्याच्या कोर्समधली काही नावं स्मारकाच्या भिंतीवर आहेत, हे विसरून त्यांच्या यशाबद्दल बोलता येत नाही.

स्क्वाड्रनमध्ये आलेला नवा वैमानिक लगेच ‘लढाऊ’ होत नाही. आधी दिवसा, मग रात्री, मग खराब हवामानात. आधी दुसऱ्याच्या शेपटीला विंगमन म्हणून, मग दोन विमानांचा लीडर, मग चारांचा. प्रत्येक टप्प्यावर परीक्षा, प्रत्येक टप्प्याची नोंद. ‘फुली ऑप्स’ झाल्याशिवाय तो स्क्वाड्रनच्या युद्धयोजनेत पूर्ण धरला जात नाही. बाहेरच्याला वाटतं, कौशल्य आकाशात तयार होतं. खरं तर ते तयार होतं उतरल्यानंतर, डिब्रीफिंगच्या खोलीत. घामाने ओला जी-सूट अजून अंगावरच, फळ्यावर रंगीत खडूंनी किंवा मार्करने काढलेले वळणांचे फराटे, आणि दोन्ही हातांचे पंजे ताणून एकाच्या मागे दुसरा धरत ‘मी इथे होतो, तू असा आत वळलास’ हे सांगणं. डाव्या पंजाचा अंगठा किंचित वर गेला तरी समोरचा हटकतो: इतकी उंची नव्हती तुझी. मग कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग लावतात आणि कोण खरं ते पडद्यावर दिसतं. या खोलीत खांद्यावरच्या पट्ट्या काही मिनिटं बाहेर राहतात. फ्लाइट लेफ्टनंटने विंग कमांडरची चूक दाखवायची आणि विंग कमांडरने ती मुकाट मान्य करायची, ही रीत आहे. लष्करी शिस्तीच्या जगात ही मोठीच सूट. पुढे कोण चांगला कमांडर होईल, याचा अंदाज बांधायचा तर पदकांपेक्षा या खोलीतलं वागणं बघावं, असं मला वाटतं.

इथून वाटा फुटतात. काहीजण तांबरमच्या शाळेत जाऊन प्रशिक्षक होतात. चौधरी त्यातले, सर्वोच्च ‘ए’ श्रेणीचे. काहीजण ग्वाल्हेरच्या ‘टॅकडी’ या डावपेच शिकवणाऱ्या संस्थेत फायटर कॉम्बॅट लीडर होतात. काही बंगळुरूला टेस्ट पायलट. भदौरिया आणि ए. पी. सिंग हे दोघे त्या वाटेचे. कोणतीही वाट बंद नाही, पण अशी एखादी खास पात्रता नसलेला माणूस शिखराच्या आसपास सहसा दिसत नाही.

मग येतं स्क्वाड्रनचं नेतृत्व. विंग कमांडर, अलीकडे काही ठिकाणी ग्रुप कॅप्टन. सोळा-अठरा विमानं, मूठभर वैमानिक, काहीशे तंत्रज्ञ आणि त्या सगळ्यांची कुटुंबं. वैमानिकाच्या आयुष्यातली सर्वांत सुखाची नेमणूक ही, कारण इथे तो हुकूमही देतो आणि उडतोही. आणि सर्वांत कठीणही हीच. १९९९ च्या मे महिन्यात, कारगिलच्या वेळी, धनोआ मिग-२१ च्या १७ क्रमांकाच्या ‘गोल्डन ॲरोज’ स्क्वाड्रनचे सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, होते. २७ मे रोजी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांचं मिग-२७ कोसळलं. त्यांचा ठावठिकाणा शोधायला धनोआंचेच फ्लाइट कमांडर स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा त्या भागावर थांबले, क्षेपणास्त्राने त्यांच्या विमानाचा वेध घेतला आणि ते परत आले नाहीत. सीओसाठी फ्लाइट कमांडर म्हणजे उजवा हात. तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशीही उड्डाणांचं वेळापत्रक लिहायचं असतं आणि त्यात कोणाचं तरी नाव घालायचं असतं. या स्क्वाड्रनने पुढे रात्रीची आधुनिक उपकरणं नसलेल्या मिग-२१ मधून डोंगररांगांवर रात्री बॉम्बफेक केली आणि सीओ स्वतः त्यात उडत होते.

यानंतर शिडी अरुंद होते. सध्याच्या नियमांनुसार विंग कमांडरपर्यंतची बढती सेवेच्या वर्षांवर मिळते. कमिशननंतर साधारण १३ वर्षांत. पुढे ग्रुप कॅप्टनपासून निवड मंडळ. एअर कमोडोर, एअर व्हाइस मार्शल, एअर मार्शल: प्रत्येक पायरीला गाळणी, आणि प्रत्येक गाळणीत वार्षिक गोपनीय अहवाल, वेलिंग्टनचा स्टाफ कोर्स, कोणत्या नेमणुका केल्या याचा हिशेब. एअर व्हाइस मार्शलला ५८ ची मर्यादा, एअर मार्शलला साठ. म्हणजे लायक असूनही वर जागा रिकामी होईपर्यंत वय उलटलं, तर गाडी सुटली. यात अन्याय झाल्याची कुजबूज प्रत्येक मेसमध्ये असते आणि सगळीच खोटी नसते. पण एका जागेसाठी दुसरी पद्धत काय लावायची, हे कुजबुजणाऱ्यांनाही सांगता येत नाही.

अर्जनसिंग १९६४ मध्ये प्रमुख झाले ते वयाच्या ४५ व्या वर्षी आणि निवृत्त झाले पन्नाशीत. हवाई दल तेव्हा तरुण होतं, वर माणसंच कमी होती. आज त्या वयाचा अधिकारी फार तर ग्रुप कॅप्टन असतो. त्यामुळे हल्लीच्या प्रमुखाकडे अनुभव भरपूर आणि वेळ थोडा. दोन-तीन वर्षांच्या मुदतीत तो जी विमानं मागतो, ती त्याच्या वारसाच्या वारसाला मिळतात. १९४८ च्या काश्मीर युद्धात महावीर चक्र मिळवलेले हृषीकेश मुळगावकर १९७६ ते १९७८ प्रमुख होते. ऑपरेशन सफेद सागर ज्यांच्या कारकिर्दीत झालं ते अनिल यशवंत टिपणीस आणि नागपूरचे प्रदीप वसंत नाईक ही त्यानंतरची मराठी नावं. यातला प्रत्येकजण पूर्वसुरींनी निवडलेल्या विमानांनिशी राज्य करून गेला.

वरच्या जागांवर नेमकं काय करतात, हे चौधरींच्या उदाहरणात स्पष्ट दिसतं. १ ऑगस्ट २०२० ला त्यांनी पश्चिम हवाई कमांडची सूत्रं घेतली. हवाई दलाच्या सात कमांड. त्यातली ही दिल्लीत मुख्यालय असलेली आणि लडाख-काश्मीर-पंजाबचं आकाश सांभाळणारी. गलवानची चकमक होऊन जेमतेम दीड महिना झालेला. त्यांच्या रुजू होण्याच्या तीनच दिवस आधी पहिली पाच राफेल अंबाल्याला उतरली होती. अशा वेळी कमांडप्रमुख स्वतः विमान घेऊन जात नाही. किती विमानं कुठल्या तळावर हलवायची, लेहच्या उंचीवरल्या विरळ हवेत कोणतं विमान किती इंधन आणि किती शस्त्रं घेऊन उडू शकेल, जवानांसाठी रोज किती टन सामान उतरवायचं, सरहद्दीच्या किती जवळ गस्त घालायची म्हणजे धाक बसेल पण ठिणगी पडणार नाही: हे त्याचं काम. यातल्या एकाही निर्णयात कौशल्याने वळण घेऊन सुटता येत नाही.

आणि निर्णयाची किंमत दुसरेच मोजतात. १ सप्टेंबर १९६५ ला छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत होते. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी हवाई हल्ल्याला परवानगी दिली. किती वेळात विमानं पोहोचतील, या प्रश्नाला अर्जनसिंगांनी तासाभराची मुदत सांगितली आणि ती पाळली. हा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो. त्याचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो: पठाणकोटहून गेलेली व्हॅम्पायर विमानं जुनाट होती, आणि त्या संध्याकाळी त्यातली चार परत आली नाहीत; तीन पाकिस्तानी सेबर विमानांनी पाडली. यानंतर व्हॅम्पायर आघाडीवरून काढली गेली. निर्णय चुकीचा होता असं नव्हे. खाली लष्कराची तुकडी अडचणीत होती आणि हाताशी तीच विमानं होती. पण हवाई दल प्रमुखाची झोप कशाने उडत असेल, याचं उत्तर त्या चार विमानांत आहे.

२७ फेब्रुवारी २०१९ ला बडगामजवळ आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. त्यात हवाई दलाचे सहाजण गेले, जमिनीवरचा एक नागरिकही. ती आपली मोठी चूक होती, हे भदौरियांनी प्रमुख झाल्यावर पहिल्याच आठवड्यात पत्रकारांसमोर कबूल केलं. डिब्रीफिंगच्या खोलीतली सवय देशासमोर टिकते की नाही, याची परीक्षा अशा वेळी होते. ती टिकायला सात महिने लागले, हेही खरं.

आता एक टोचणारा प्रश्न. शिखरावर लढाऊ वैमानिकच का? २००७ मध्ये फली होमी मेजर प्रमुख झाले, तेव्हा हेलिकॉप्टर शाखेतून त्या पदावर पोहोचलेले ते पहिले. तो अपवाद अजून अपवादच आहे. समर्थन असं, की हवाई युद्धाचा गाभा लढाऊ विमान आहे आणि ज्याने स्वतः त्या वेगात निर्णय घेतला नाही, त्याने दुसऱ्याला तिथे पाठवू नये. मला यातला दुसरा भाग पटतो, पहिला आता तितकासा नाही. एस-४०० सारखी क्षेपणास्त्रं, ड्रोन, उपग्रह आणि रडारचं जाळं यांनी लढाईचा मोठा भाग कॉकपिटबाहेर नेला आहे. हवाई दलाने २०२२ मध्ये अधिकाऱ्यांची वेपन सिस्टिम्स ही स्वतंत्र शाखा जाहीर केली, ती चौधरींच्याच कारकिर्दीत. या शाखेतला कोणी प्रमुखपदाच्या रांगेत पोहोचेल का, याचं उत्तर आजच्या नियमावलीत नाही, ते निवड मंडळात बसणाऱ्यांच्या मनात आहे; आणि तिथे बसलेले बहुतेक स्वतः लढाऊ वैमानिक असतात.

तीच गोष्ट स्त्रियांची. अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग यांना लढाऊ शाखेत कमिशन मिळालं १८ जून २०१६ ला. त्यांना सवलत नको, संधी हवी आणि ती मिळाली आहे. पण शिडीची लांबी त्यांच्यासाठीही तेवढीच. विंग कमांडर होऊन स्क्वाड्रन, मग तळ, मग मुख्यालय, मग कमांड. चौधरींना लागली तेवढीच ३९ वर्षं धरली, तर या पहिल्या तिघींची तुकडी प्रमुखपदाच्या रांगेत उभी राहील ती २०५५ च्या सुमारास. तोवर कोणाची साठी कोणत्या महिन्यात येते, हेही बघावं लागेल.